तिजोरी दिल्लीत, किल्ली मुंबईत

रावळपिंडीकडच्या भागात अटक ऑइल कंपनीच्या विहिरी होत्या. १९३०च्या दशकात तिथं एक विचित्र अडचण उभी राहिली. तेलासाठी जमिनीत खोल भोक पाडताना त्यात सतत पातळ चिखल सोडावा लागतो. तो पातं थंड ठेवतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. पण खाली खारं पाणी लागलं की हा चिखल घट्ट व्हायचा, थिजायचा, आणि सगळं काम जागच्या जागी अडकून बसायचं. कंपनीच्या माणसांनी बरेच उपाय केले. शेवटी ते लाहोरला, पंजाब विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडे गेले.

प्राध्यापकाचं नाव शांतिस्वरूप भटनागर. माणूस हौशी, उर्दूत शेरोशायरी करणारा. बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगीतही त्यांचंच. कोलॉइड, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण, हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता, आणि चिखलाचं दुखणं नेमकं तिथलंच आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी चिखलात देशी डिंक मिसळायला सांगितलं. डिंक! आपल्याकडे थंडीच्या लाडवांत पडतो त्याच्याच भावकीतला. चिखल पातळ राहू लागला आणि काम पुढं सरकलं. कंपनीच्या मागे असलेले लंडनचे स्टील ब्रदर्स इतके खूश झाले की त्यांनी पेट्रोलियमवरच्या संशोधनासाठी भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. ही रक्कम आपल्या हाती नको, विद्यापीठाला द्या, असं भटनागरांनी सांगितलं. त्या पैशातून लाहोरला पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढच्या वीस वर्षांत भारतातलं सरकारी विज्ञान ज्यांनी विद्यापीठांच्या कुंपणाबाहेर नेऊन बसवलं, त्यांत पहिलं नाव याच माणसाचं येतं.

१९३९च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि जर्मनीहून येणारे रंग, औषधं, रसायनं एकदम बंद झाली. संशोधनावर पैसा खर्च करण्याची दिल्लीच्या सरकारला तोवर फारशी घाई नव्हती. भूगर्भ, हवामान, वनस्पती यांची सर्वेक्षणं होती, पण ती साम्राज्याला आपली मालमत्ता मोजून घेण्यासाठी लागत होती. आता मात्र फौजेला माल हवा होता आणि तो इथंच तयार व्हायला हवा होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात वाणिज्य खातं रामस्वामी मुदलियारांकडे होतं. त्यांच्या खटपटीने १ एप्रिल १९४० रोजी शास्त्रीय व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झालं. मुदत दोन वर्षं, वर्षाचा खर्च पाच लाख रुपये, संचालक भटनागर.

पाच लाखांत चालणारी ही शाळा पहिल्यांदा कलकत्त्याला अलीपूरच्या सरकारी टेस्ट हाउसमध्ये भरली. जपानी बॉम्बची धास्ती वाढली तेव्हा सगळा संसार दिल्ली विद्यापीठाच्या आवारात हलला. कामं युद्धाला साजेशी होती: विषारी वायूला दाद न देणाऱ्या कापडाचं वॉर्निश, वरून फेकली तरी न फुटणारी भांडी, वनस्पती तेलांचं इंधन, टाकाऊ मालापासून प्लास्टिक.

या काळातली खरी कमाई मात्र पैशाच्या व्यवस्थेत होती. दोन वर्षांची मुदत संपली की मंडळाचा गाशा गुंडाळला जाणार हे मुदलियार आणि भटनागर दोघंही ओळखून होते. तयार झालेल्या प्रक्रिया कारखानदारांना द्यायच्या, त्यांच्याकडून रॉयल्टी घ्यायची, ती वेगळ्या निधीत ठेवायची, अशी कल्पना पुढं आली. मुदलियारांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडून पाच वर्षं दरसाल दहा लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. मग २६ सप्टेंबर १९४२ रोजी हा निधी सांभाळायला एक स्वायत्त संस्था जन्माला आली. तीच सीएसआयआर, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद. ‘चले जाव’चा ठराव होऊन दीड महिनाच झाला होता, नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. पुढं पंतप्रधान म्हणून ज्या परिषदेच्या अध्यक्षपदी ते हौसेनं बसले, तिचं बारसं त्यांच्या जेलरांनी केलं होतं.

स्वातंत्र्य मिळण्याच्या आधीच पायाभरणीचे दगड बसू लागले. पुण्यात पाषाणच्या रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी बाळासाहेब खेरांच्या हस्ते बसली. ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. त्याच महिन्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा वल्लभभाई पटेलांच्या हस्ते उघडली. भटनागरांचा झपाटा असा होता की सी. व्ही. रामन त्याला ‘नेहरू-भटनागर इफेक्ट’ म्हणत. शहाजहानने ताजमहाल बायकोला पुरण्यासाठी बांधला आणि या प्रयोगशाळा यंत्रं पुरण्यासाठी बांधल्या जात आहेत, अशा अर्थाचा टोमणाही रामन यांच्या नावावर सांगितला जातो. रामन यांची जीभ तिखट होतीच. पण टोमण्यातला चिमटा खरा होता. इमारती आधी तयार होत होत्या आणि मग माणसं शोधली जात होती.

पुण्याचंच पाहा. पहिले संचालक जेम्स मॅकबेन अमेरिकेहून आले. दुसरे जॉर्ज फिंच इंग्लंडहून. हे फिंच म्हणजे १९२२च्या मोहिमेत पाठीवर प्राणवायूच्या नळकांड्या बांधून एव्हरेस्टवर आठ हजार मीटरच्या वर गेलेले गिर्यारोहक. तिसरे आणि पहिले भारतीय संचालक के. वेंकटरमण १९५७ मध्ये आले, ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून. रंगांच्या रसायनशास्त्रातलं त्यांचं नाव जगभर होतं आणि माटुंग्याचा तो विभाग त्यांनी जवळजवळ दोन दशकं घडवला होता. दिल्लीच्या प्रयोगशाळेचे के. एस. कृष्णन अलाहाबाद विद्यापीठातून आले होते. प्रयोगशाळेला माणूस मिळाला की कुठल्या तरी विद्यापीठातली एक खुर्ची रिकामी व्हायची. हा हिशेब सरकारदरबारी कुणी मांडत नव्हतं.

मांडणारा एक जण होता. मेघनाद साहा.

साहा ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचं तापमान सांगणाऱ्या समीकरणाने विशीतच जगाला माहीत झालेले. विज्ञानाला सरकारने पैसा द्यावा, योजना आखून द्यावा, हे साहांइतकं आधी आणि इतक्या मोठ्यानं फार थोड्यांनी सांगितलं. १९३५ मध्ये त्यांनी ‘सायन्स अँड कल्चर’ हे मासिक काढलं. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, तिच्यामागे साहांचा रेटा होता, आणि नेहरूंना तिचं अध्यक्ष करा हा आग्रहही त्यांचाच. कलकत्त्यात सायक्लोट्रॉन उभा करायचा त्यांनी ध्यास घेतला. टाटांची देणगी मिळाली, अमेरिकेहून चुंबक आलं. पण निर्वात पंप घेऊन येणारं जहाज युद्धात बुडालं आणि यंत्र वर्षानुवर्षं रखडलं.

याच सुमारास एक तरुण शास्त्रज्ञ युरोपातून सुट्टीवर मायदेशी आला आणि युद्धामुळे इथंच अडकला. होमी भाभा. केंब्रिजचं शिक्षण, कॉस्मिक किरणांवरचं गाजलेलं काम, चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांत मुरलेला. आत्या मेहेरबाई दोराबजी टाटांच्या पत्नी. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत त्यांची सोय झाली, पण मन रमेना. १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टच्या सोराब सकलातवालांना पत्र लिहिलं आणि मूलभूत भौतिकीसाठी एक जोमदार संस्था मागितली. त्यातला एक मुद्दा असा की, दोनेक दशकांत अणुऊर्जेतून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागणार नाही; ते घरचेच तयार असतील. हिरोशिमाला तेव्हा अजून जवळजवळ सतरा महिने होते.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च (टीआयएफआर) १ जून १९४५ रोजी बंगळूरला सुरू झाली आणि वर्षाच्या आत मुंबईला आली, ती पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. सुरुवातीला पैसा टाटा ट्रस्टचा, मुंबई सरकारचा आणि थोडा सीएसआयआरचा. पुढं संस्थेचा पसारा वाढत गेला, ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि मग कुलाब्याला गेली, आणि टाटांचा वाटा आक्रसत जाऊन खर्चाचा भार दिल्लीच्या अंगावर पडला. खासगी पैशाने रोप लावायचं आणि सरकारी पाण्यावर ते वाढवायचं, ही भाभांची रीत इथं पहिल्यांदा दिसली.

एप्रिल १९४८ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत अणुऊर्जेचं विधेयक आणलं. म्हैसूरकडचे सभासद एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी अडचणीचा प्रश्न विचारला: इंग्लंडच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपण शांततेच्या संशोधनावरही ती का लादतो? शांततेचा आणि युद्धाचा उपयोग यांच्यात रेघ कशी ओढायची हे आपल्याला ठाऊक नाही, असं नेहरूंनी प्रांजळपणे कबूल केलं. विधेयक मंजूर झालं. ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला. त्यात तीनच माणसं: अध्यक्ष भाभा, सोबत भटनागर आणि कृष्णन.

साहा त्यात नव्हते. आयोगाची घाई त्यांना पटतच नव्हती. देशात ना तसा उद्योग, ना शिकलेली माणसं. आधी विद्यापीठांत अणुभौतिकी शिकवा, मग आयोग काढा, असं त्यांचं म्हणणं. ते हट्टी होते, भांडखोरही होते आणि भाभांबद्दल त्यांच्या मनात असूया नव्हती असं म्हणणं धाडसाचं ठरेल. १९५२ मध्ये ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि तिथं भांडू लागले. १० मे १९५४ रोजी अणुऊर्जेवर चर्चा घडवून त्यांनी आयोगाच्या कारभाराची झाडाझडती घेतली. गुप्तता कशासाठी? विद्यापीठं बाजूला का?

चर्चेनंतर तीन महिन्यांच्या आत, ३ ऑगस्ट १९५४ रोजी, सरकारने अणुऊर्जा विभाग नावाचं नवं खातं काढलं आणि सचिवपद भाभांना दिलं. खातं थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. सचिवाची कचेरी दिल्लीत नाही, तर मुंबईत. केंद्र सरकारच्या कारभारात हे भलतंच होतं. सचिव म्हणजे नॉर्थ ब्लॉक-साउथ ब्लॉकच्या बोळांत फायली फिरवणारा माणूस. हे सचिव गेटवेच्या समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि पंतप्रधानांना ‘भाई’ म्हणून पत्रं लिहायचे. फाईल कुठं अडली तर एक पत्र पुरत असे. आयोगाचे अध्यक्ष, खात्याचे सचिव आणि टीआयएफआरचे संचालक एकच. पैसा मागणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा यांच्यात फारसं अंतर उरलं नव्हतं.

त्या व्यवस्थेतून काय निघालं? तुर्भ्याला, चेंबूरपलीकडच्या डोंगर-खाडीच्या जागेवर, वर्षभरापेक्षा थोड्याच जास्त अवधीत एक अणुभट्टी उभी राहिली. रूप स्विमिंग पूलसारखं: काँक्रीटचा खोल हौद, त्यात स्वच्छ पाणी, पाण्यात बुडवलेला गाभा. समृद्ध युरेनियमचं इंधन ब्रिटनहून आलं. बाकी बांधणी आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इथल्याच तरुणांनी केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारला भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे विखंडनाची साखळी आपली आपण चालू राहिली. गाभ्याभोवतीच्या पाण्यात जी निळी प्रभा फाकते ती पाहून नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ नाव दिलं. आशियात, सोव्हिएत संघ सोडला तर, ही पहिली अणुभट्टी.

साहा हे पाहायला नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत योजना आयोगाच्या कचेरीकडे पायी जाताना ते कोसळले आणि गेले. भटनागर त्याआधीच, १९५५च्या नववर्षदिनी गेले होते.

मैदान आता भाभांचं होतं. १९५८च्या मार्च महिन्यात दिल्लीतून दोन कागद निघाले, तीन दिवसांच्या अंतराने. १ मार्चच्या ठरावाने अणुऊर्जा आयोगाला, संसदेने मंजूर केलेल्या रकमेच्या मर्यादेत, सरकारचे कार्यकारी आणि आर्थिक अधिकार बहाल केले. अध्यक्ष इतर सभासदांचं मत डावलू शकत होता. फक्त अर्थ सभासदाला पटलं नाही, तर तो प्रकरण पंतप्रधान आणि अर्थमंत्र्यांकडे नेऊ शकत असे. ४ मार्चचा दुसरा कागद म्हणजे प्रसिद्ध वैज्ञानिक धोरण ठराव. तो नेहरूंनी १३ तारखेला लोकसभेत वाचून दाखवला. विज्ञानाची जोपासना, शास्त्रज्ञांचा मान, शिक्षण, व्यक्तीची प्रतिभा, सगळं त्यात होतं आणि भाषा देखणी होती. रुपयाचा आकडा मात्र नव्हता. शाळा-कॉलेजांतून दुसऱ्या ठरावाचे गोडवे गायले जातात. पहिला फारसा कुणी वाचत नाही, आणि भट्ट्या, कारखाने, वीज केंद्रं उभी राहिली ती पहिल्याच्या जोरावर.

या सगळ्याच्या आत बसून विरोध करणारा एक माणूस मराठी वाचकाला जवळचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळ गोव्याचे, राहायला पुण्यात, भांडारकर संस्थेच्या शेजारी. गणिती म्हणून भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये आणलं होतं. कोसंबी डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला ये-जा करत. वाटेत कार्ल्याचे डोंगर दिसत, आणि त्या डोंगरातल्या जुन्या व्यापारी वाटा, लेणी, म्हसोबा-यमाईची ठाणी यांचा अभ्यास ते सुट्टीत पायी फिरून करत. संस्थेत मात्र त्यांचं पटेनासं झालं. अणुशक्ती भारताला परवडणारी नाही, वर्षातले बहुतेक दिवस जिथं ऊन पडतं तिथं सूर्याच्या उष्णतेवर संशोधन करा, ते स्वस्त आहे आणि खेड्यापर्यंत पोचेल, असं ते भाषणांतून, लेखांतून सांगू लागले. ज्या घराचं मीठ अणुऊर्जा खात्यातून येतं, त्या घरात बसून. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढं चालू ठेवला गेला नाही. करार न वाढवण्यामागे गणितातल्या त्यांच्या काही वादग्रस्त दाव्यांचंही कारण होतं. सगळा दोष सूर्यावर टाकता येणार नाही.

विजेच्या आकड्यांबाबत कोसंबींचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. १९८० पर्यंत ८,००० मेगावॅट अणुवीज तयार होईल असा भाभांचा १९५४चा अंदाज होता. १९८० साल उजाडलं तेव्हा देशाची क्षमता सुमारे ६०० मेगावॅट होती. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकन कंपनीने बांधून दिलेल्या तारापूरच्या दोन भट्ट्यांचा. पण भाभांची झोळी विजेपुरती नव्हती. कुलाब्याच्या संस्थेत १९६० मध्ये देशी बनावटीचा संगणक चालू झाला. त्याचं ‘टिफ्रॅक’ हे नावही नेहरूंनीच ठेवलं. तिथल्या आणि तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून हैदराबादचा ईसीआयएल हा कारखाना निघाला. अंतराळ संशोधनाची समिती १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याच्याच पंखाखाली जन्मली. इमारतीच्या खर्चातला लहानसा भाग चित्रांसाठी ठेवायचा, ही परवानगीसुद्धा भाभांनी मिळवली होती. म्हणून टीआयएफआरच्या प्रवेशदालनात चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. कुठल्या केंद्रीय खात्याच्या हिशेबात असली नोंद त्या काळी निघेल?

७ जानेवारी १९६६ रोजी मुंबईत वैज्ञानिक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाभांनी एक भाषण दिलं. त्यात त्यांनी स्वतःच्या खात्याची आणि सीएसआयआरची तुलना केली, आणि ती सौम्य नव्हती. सीएसआयआरच्या प्रयोगशाळा आधी आखल्या गेल्या आणि मग वरिष्ठ माणसं विद्यापीठांतून उचलली गेली. त्यामुळे आधीच अशक्त असलेली विद्यापीठं आणखी अशक्त झाली. आम्ही माणसाभोवती गट वाढवला, आपली माणसं आपण घडवली, असं त्यांचं सांगणं. म्हणजे बारा वर्षांपूर्वी साहा लोकसभेत ओरडून जे सांगत होते त्यातला अर्धा भाग भाभांनी मान्य केला होता, फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात सीएसआयआरला उभं करून. तुर्भ्याच्या प्रशिक्षण शाळेत दरवर्षी विद्यापीठांतून निवडून येणारी हुशार मुलं पुन्हा विद्यापीठाकडे वळत नव्हती, हा हिशेब त्या भाषणात आला नाही.

सतरा दिवसांनी, २४ जानेवारीला, व्हिएन्नाकडे निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँवर आदळलं. त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात कोसंबी गेले.

विद्यापीठांचा तो हिशेब पुढं पुन्हा निघाला. संसदेने २०२३च्या ऑगस्टमध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. कारण सांगितलं गेलं ते असं: संशोधनाचा पैसा मोजक्या नामांकित संस्थांत अडकतो, राज्यांची विद्यापीठं आणि कॉलेजं कोरडी राहतात. नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी पंतप्रधान, म्हणजे सीएसआयआरसारखेच. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये खर्चायचे. त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार वगैरे मंडळींकडून यायचे. लाहोरच्या प्राध्यापकाकडे दीड लाख घेऊन कंपनी आपल्या पायांनी आली होती, कारण तिची विहीर चालू झाली होती. आताच्या ३६,००० कोटींसाठी कुणाची कोणती विहीर अडली आहे, ते कायद्याच्या मजकुरात लिहिलेलं नाही.